स्टेशनापलीकडच्या बागेत कुणी पाय ठेवीना

हे आत्ताच सांगायला पाहिजे, नाहीतर माझ्याच्यानं दुसरं काही काम व्हायचं नाही. कचेरीतले जुने कारकून म्हणतात, "वसंता, असल्या आठवणी पेन्शनीत गेल्यावर लिहायच्या असतात. तू तर अजून कायमसुद्धा झाला नाहीस." खरं आहे. पण पेन्शनीला अजून कितीतरी वर्षं आहेत, आणि यंदाच्या आखाजीला जे झालं ते एवढे दिवस पोटात ठेवणं मला जमायचं नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी नोकरीतला अनुभव मागितला तेव्हा मी हो म्हटलं आणि त्याच संध्याकाळी लिहायला बसलो.

मी एका नगरपालिकेत टायपिस्ट आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण नोकरी ठेवायची आहे. धुळ्यापासून फार लांब नाही, एवढं पुरे. वर सरकारकडे जाणारी सगळी पत्रं इंग्रजीत जातात आणि ती मी टाइप करतो. माझं टेबल ओव्हरसिअर काळेसाहेबांच्या खोलीत आहे. रस्ते, गटारं आणि बागा, सगळं त्यांच्याकडे. काळेसाहेब पुण्याकडचे, बोलायला कमी. गटाराचं काम ते नीट करतात, पण बागेचं काम आलं की बाह्या सरसावून बसतात आणि जेवायची आठवण करून द्यावी लागते.

लोकांना वाटतं नगरपालिका म्हणजे पैशाची पेटी, झाकण उघडायचं आणि द्यायचं. तसं नसतं. जकात येते, घरपट्टी येते, आणि त्याच्या वाटण्या आधीच ठरलेल्या असतात. दिवाबत्ती, गटारं, शाळा, आणि सगळ्यात खाली बागा. ज्या बागेला गेल्या वर्षी पैसे मिळाले तिला यंदाही मिळतात, कारण तिचा खर्च कागदावर दिसतो. जिथं बागच नाही तिथं खर्च नाही, आणि जिथं खर्च नाही तिथं वाढवणार काय? हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो. कुणी वाईट नसतानासुद्धा एवढं वाईट होऊ शकतं, हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे बघा, आमच्याकडे बंगल्यांच्या बाजूला एक जुनी बाग आहे. तिथं एक रिटायर्ड मामलेदार रोज फिरायला येतात. त्यांनी अर्ज दिला की बाकावर बसलं की मावळतं ऊन डोळ्यात येतं, तरी बाक फिरवावा. फिरवला. मग दुसरा अर्ज आला की आता ऊन येत नाही पण रस्त्यावरचे लोक दिसत नाहीत, करमत नाही. परत फिरवला. तिसऱ्यांदा ते स्वतःच कचेरीत आले आणि काळेसाहेबांना म्हणाले, "बाकाला चाकंच लावून द्या ना." काळेसाहेब गंभीरपणे म्हणाले, "अर्ज द्या."

आणि स्टेशनापलीकडे जीनमागची वस्ती. कापसाचे जीन आहेत तिथं, सरकी काढायचे. सगळी माणसं शेतकऱ्यांच्या घरची, शिंदखेडा, नरडाणा तिकडच्या खेड्यांतून कामाला आलेली. पत्र्याच्या खोल्या एकाला एक चिकटलेल्या. हंगामात कापसाचा बारीक भुगा हवेत उडतो आणि माणसं खोकतात. वस्तीत झाड नाही. वस्तीच्या कडेला नगरपालिकेची एक मोठी मोकळी जागा, तिथं पाच-सहा जुने निंब होते, पण त्यांच्या बुंध्याशी सगळ्या गावाचा कचरा पडायचा.

त्या वस्तीचे मेंबर नथूभाऊ. आधी जीनमध्ये मुकादम होते, आवाज अजून यंत्राच्या वर जाणारा. सरकारनं मजुरांच्या वस्तीत मोकळी जागा करायला ग्रँट देऊ केली, निम्मे पैसे सरकारचे आणि निम्मे आमचे, तेव्हा नथूभाऊंनी कमिटीत ती जागा मागितली. त्याच जागेवर एका शेठजींचा डोळा होता, कापसाच्या गाठी ठेवायला गोदाम पाहिजे म्हणून. भाडंही चांगलं देत होते. आमचे अध्यक्ष म्हणाले, "नथूभाऊ, या लोकांना दाणे पाहिजेत, बाग नाही."

नथूभाऊ म्हणाले, "दाणे ते कमवतात. बाग कमवून येत नाही."

शेवटी असं ठरलं की एक बाग करायची. वैशाखात सरकारचे साहेब येऊन बघणार की लोक ती जागा वापरतात की नाही. वापरत असतील तर जागा कायमची वस्तीची. नसतील तर ग्रँट बंद आणि जागा शेठजींच्या गोदामाला. अट मीच टाइप केली. तेव्हा वाटलं, ही काय अट झाली? बाग केल्यावर लोक येणार नाहीत तर जाणार कुठं?

काळेसाहेबांनी जीव ओतला. कचरा उचलला, जमीन नांगरली, तारेचं कुंपण, फाटक, बाक, आणि मधे सगळीकडे विलायती गवताचं बी. दसऱ्यानंतर पेरलं. पाण्याची बैलगाडी रोज यायची. मी पहिल्यांदा कोंब पाहिले त्या सकाळी कचेरीत उशिरा पोचलो. पत्रे, धूर, रूळ, आणि मधे ते इतकं हिरवं की डोळे निवले.

लॉन म्हणजे गवत सारखं कापत राहायला पाहिजे, त्याला ढकलायचं यंत्र लागतं. यंत्र एकच होतं, बंगल्यांच्या बागेत. काळेसाहेबांनी ते मागितलं. उत्तर आलं, सध्या मोकळं नाही. परत मागितलं. परत तेच. नवीन यंत्राला ग्रँटमध्ये पैसे नव्हते, कारण ग्रँट बाग करायला होती, राखायला नव्हती. मी विचारलं, "साहेब, विळ्यानं कापून घेऊ या का?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या मुलीचे केस विळ्यानं कापू म्हटलं. "विळ्यानं खुंटं राहतात रे. यंत्र येईल." यंत्र आलं नाही. गवत वाढत राहिलं. पोटरीला लागलं, मग गुडघ्याला, आणि चैत्रात त्याला तुरे आले. वारा आला की सगळं एकदम एका बाजूला झुकायचं.

आणि फाटक उघडल्या दिवसापासून आत कुणी गेलं नाही.

मला संध्याकाळी बघून यायला पाठवायचे. कुंपणाच्या बाहेर माणसांची ही गर्दी. बाया पोरांना घेऊन उभ्या, म्हातारे रस्त्यावर मांडी घालून बसलेले, तोंड बागेकडे. फाटक सताड उघडं. आतले बाक रिकामे. एकानं तारेला हात लावलेला नाही, एक काडी उपटलेली नाही. शेळ्या होत्या प्रत्येकाच्या दाराशी, उन्हाळ्यात चारा नाही, बरगड्या दिसतात, आणि समोर एवढा हिरवा चारा डुलतोय. शेळ्या ओरडत होत्या आणि त्यांचे दोर आखूड करून बांधलेले होते. मी हे बघून आलो आणि काळेसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "लाजत असतील. येतील." दोन महिने तेच.

कमिटीत हसायला लागले. शेठजींचा मुनीम जागा मोजून गेला. अध्यक्ष नथूभाऊंना म्हणाले, "मी काय म्हणालो होतो?" नथूभाऊंचा मोठा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली गेला. सरकारच्या साहेबांनी यायची तारीख कळवली, नेमकी आखाजीची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खानदेशात ती दिवाळीएवढी मोठी. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात आणि दिवसभर झोक्यावर गाणी म्हणतात. सासरचं सगळं त्या गाण्यांत निघतं. पुरुष तिकडे फिरकत नाहीत.

तारीख कळल्यावर काळेसाहेब स्वतः निघाले, मला आणि नथूभाऊंना घेऊन. कुंपणाशी बनाअक्का उभ्या होत्या. जीनमध्ये सरकी निवडतात, नरडाण्याकडच्या, वस्तीतल्या बायका त्यांचं ऐकतात. काळेसाहेबांनी सरळ विचारलं, "अक्का, आत का येत नाही कुणी?"

 अक्का माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पेरेल शे ना ते, भाऊ. पेरेलमा पाय कोन ठेवस?"

 एवढे दिवस आम्ही म्हणत होतो की लोकांना बागेची किंमत नाही. आणि ते उभं पीक म्हणून राखत होते. शेती सुटली, गाव सुटलं, पत्र्याखाली आले, पण पेरलेल्यात पाय ठेवायचा नाही हे सुटलं नव्हतं.

"अहो, ते पीक नाही," काळेसाहेब म्हणाले. "ते बसायला आहे."

शेजारी एक म्हातारे नाना बसले होते. ते म्हणाले, "बसाले? गुडघाइतलं वाढनं आनि बसाले? कोना ढोरेसकरता शे हाई?"

"कुणाच्याच गुरांकरता नाही."

"तं मंग पानी कसाले पाजतस?"

 नथूभाऊंना राहवलं नाही. ते फाटकातून आत गेले आणि त्या गवतात सरळ आडवे झाले, धोतर, टोपी, सगळ्यासकट, आणि आतूनच ओरडले, "बघा, असं झोपायचं इथं. काही होत नाही."

नाना शांतपणे म्हणाले, "नथूभाऊ आज पीसन उना का काय?"

नथूभाऊ पिऊन आले की काय म्हटल्यावर सगळे हसले, पण आत कुणी आलं नाही. दोन पोरं फाटकापर्यंत गेली, त्यांच्या आयांनी दंड धरून मागं ओढलं. नथूभाऊ उठले तेव्हा जिथं झोपले होते तिथलं गवत लोळलं होतं, आणि बनाअक्कांनी त्या लोळलेल्या जागेकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला विसरता येत नाही.

मग अक्काच काळेसाहेबांना म्हणाल्या, "कापी ल्या, साहेब. कापनी व्हयनी का वावर बठ्ठास्नं शे. मंग बठ्ठा येतीन."

हे खरं आहे, खेड्यात असंच असतं. उभ्या पिकात मालकाचा सख्खा भाऊसुद्धा जात नाही, पण कापणी झाली की वावर सगळ्यांचं. गुरं चरतात, पोरं खेळतात, पायवाट मधून पडते, कुणी विचारत नाही. मला हे माहीत होतं. माझ्या मामांचं शेत आहे. पण बाग म्हटल्यावर ते माझ्या डोक्यातच आलं नाही.

"आणि मग झोके?" मी विचारलं.

अक्कांनी निंबांकडे पाहिलं. "मनी आंडेर येई ऱ्हायनी आखाजीले." आंडेर म्हणजे मुलगी. "गयी आखाजीले दिनभर खोलीमा बसी ऱ्हायनी. निंबखाले कचरा, झोका बांधाले जागा नही. तिनी सासू तिले म्हने, तुनं माहेर म्हंजे नुस्ता पत्रा." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडाशी घेतला.

परत येताना काळेसाहेब रुळांजवळ थांबले. मला म्हणाले, "वसंता, साहेब येणार म्हणजे काय बघणार? एक तर हिरवंगार बघतील आणि आत कुणी नाही. नाहीतर माणसं बघतील आणि खाली नुसती खुंटं. मी दोन्ही दाखवू शकत नाही."

मी म्हटलं, "अटीत गवताबद्दल काही नाही, साहेब. अटीत माणसं आहेत. मी टाइप केलंय."

 त्यांनी त्या गवताकडे वळून पाहिलं. पुण्याहून बी स्वतः जाऊन आणलं होतं त्यांनी. आयुष्यभर गटारं बांधलेल्या माणसाची ती पहिली बाग होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी निरोप पाठवला, कापून घ्या.

बाया विळे घेऊन आल्या. पण सरळ कापायला नाही लागल्या. आधी बांधाशी, म्हणजे आमच्या तारेशी, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग ओळीनं बसल्या आणि कापत पुढं सरकल्या. मी कचेरीतून पळून बघायला गेलो होतो. एवढ्या भराभर आणि एवढं नीट काम मी आमच्या कचेरीत कधी पाहिलं नाही. पेंड्या बांधल्या, घरटी वाटल्या, शेळ्यांचे दोर सैल झाले. आणि पहिली पेंडी घेऊन बनाअक्का आणि चार बाया डोक्यावर पदर घेऊन आमच्या कचेरीत आल्या. शिपाई अडवायला लागला. अक्का म्हणाल्या, "पेरनारनी पेंडी शे," आणि काळेसाहेबांच्या टेबलावर, नकाशांवर, ती ठेवली.

काळेसाहेब उभे राहिले. पेंडीला कुंकू लावलेलं होतं. अध्यक्ष तेवढ्यात आले आणि म्हणाले, "हा काय कचरा?" काळेसाहेब म्हणाले, "माझा वाटा आहे."

आखाजीच्या दुपारी सरकारचे ते इंग्रज साहेब मोटारीतून आले. सोबत अध्यक्ष, काळेसाहेब, नथूभाऊ, आणि इंग्रजीसाठी मी. ऊन असं की रूळ चमकत होते. रस्त्याच्या वळणापर्यंत काहीच दिसत नव्हतं, पण आवाज यायला लागला. आधी मला वाटलं जीन चालू आहे. सणाला जीन कसा चालेल? मग कळलं, बाया गातायत.

फाटकाशी पोचलो. प्रत्येक निंबाला झोके. नवी लुगडी, पिवळी, हिरवी, लाल, वर जात होती आणि खाली येत होती. खाली खुंटांवर बाया, पोरी, म्हाताऱ्या, सगळ्या बसलेल्या. एकेका झोक्यावर दोघीदोघी उभ्या. मी फक्त एवढंच पाहिलं, कारण बनाअक्का फाटकात आल्या आणि हात आडवा केला.

"साहेबले सांगा, भाऊ, आंडेरी लाजतस. पाठ फिराई ल्या म्हना. आन तुम्हीबी."

अध्यक्ष म्हणाले, "अगं बाई, तपासणी आहे ही."

अक्का हलल्या नाहीत. मी घाबरत घाबरत साहेबांना इंग्रजीत सांगितलं. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, हॅट काढली, आणि पाठ फिरवली. मग आम्ही सगळ्यांनीच फिरवली. पाच पुरुष एका ओळीत, तोंड रुळांकडे, पाठ बागेकडे. माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं दृश्य मी असं पाहिलं, म्हणजे पाहिलंच नाही.

पण ऐकलं. फांद्या करकरत होत्या, झोका वर गेला की बांगड्या एकदम वाजायच्या, आणि शंभर-दोनशे गळे एकत्र. एक बाई ओळ काढायची, बाकीच्या उचलायच्या. पायाखालची जमीन हलतेय असं वाटत होतं. मी लहानपणापासून आखाजी ऐकली आहे, पण गावात ती दोन-चार झाडांवर वाटलेली असते. ही एका जागी, एका वस्तीची, इतकी वर्षं दाबलेली.  नथूभाऊ उघड रडत होते आणि पुसत नव्हते.

मग एकीनं नवीन ओळ काढली, तिथल्या तिथं जुळवलेली:

"काळे सायेबनी पेरा चारा, गाय कोठे शे वं माय, गाय कोठे शे?"

आणि सगळ्यांनी ती उचलली. हसत हसत, परत परत. काळेसाहेबांचे कान लाल झाले.

साहेबांनी मला विचारलं, "काय म्हणतायत?"

मी सांगितलं, "काळेसाहेबांनी चारा पेरला, पण गाय कुठं आहे, असं विचारतायत."

साहेब काळेसाहेबांना म्हणाले, "गाय आहे?"

"नाही, सर."

 साहेब म्हणाले, "सकाळी मला तुमची दुसरी बाग दाखवली, बंगल्यांजवळची. तिथं काय गातात?"

अध्यक्ष काही सांगणार होते, पण काळेसाहेबच आधी बोलले. "तिथं कुणी गात नाही, सर."

साहेब किती वेळ उभे होते मला सांगता येणार नाही. निघताना त्यांनी वळून पाहिलं नाही. तसेच पाठमोरे चार पावलं चालले आणि मोटारीत बसले.

महिन्यानं त्यांचा शेरा आला. अध्यक्षांनी तो कमिटीत मला वाचायला लावला. एकच ओळ होती: जागा वापरात आहे, मी स्वतः ऐकलं आहे.

अध्यक्ष म्हणाले, "ऐकलं? पाहिलं असेल. टायपिंगची चूक आहे."

मी म्हटलं, "चूक नाही, साहेब." टायपिस्टनं कमिटीत बोलायचं नसतं. पण बोललो.

जागा वस्तीची झाली. शेठजींनी गोदाम दुसरीकडे बांधलं. गवत परत पेरलं नाही, त्याला पैसे मंजूर झाले नाहीत. बाकही लोकांनी वापरले नाहीत म्हणून उचलून बंगल्यांच्या बागेत नेले, याचं मला वाईट वाटतं, आणि काळेसाहेब त्या बाजूनं जाताना अजून जमिनीकडे बघतात. पण पावसाळ्यात तिथं आपोआप हिरवं आलं आणि कुणी ते पीक समजलं नाही. पोरं त्याच्यातून पळत होती. बनाअक्कांची मुलगी आता श्रावणातही आली होती, म्हणाली सासूनं स्वतःच पाठवलं, आणि पुढच्या आखाजीला नणंदेलाही घेऊन येणार आहे.

मी मात्र अजून त्या दुपारीच अडकलोय. टाइप करताना मधेच हात थांबतात. मला वाटतं, एकदा तरी वळायला पाहिजे होतं. मग वाटतं, बरं झालं वळलो नाही. वाचकहो, तुमच्या कामात झालंय का कधी असं, की ज्यांच्यासाठी सगळा खटाटोप केला ती माणसं तुमच्या पाठीमागे सुखात होती, आणि तुम्हाला नुसतं उभं राहून ऐकायचं होतं?